ठिबक रोज चालतं, तरी कमी पाण्याची बाग का सुकते?

हिरवळ काढून टाकली. बोगनवेल, कण्हेर, रोझमेरी, घायपात अशी काटक झाडं लावली, ठिबक अंथरलं, वर आच्छादन घातलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग ऊन तापायला लागलं की कुठलं तरी झाड मान टाकतं, घरमालक टायमरवर दहा मिनिटं वाढवतो, आठवडाभर बरं दिसतं आणि पुन्हा तेच. दोन उन्हाळ्यांत पाण्याचा खर्च जुन्या हिरवळीच्या जवळ जातो, झाडं मात्र मरतच राहतात.

हा एकच बिघाड दुरुस्त करायला मला इतक्यांदा बोलावलंय की "पाणी वाढवलं तरी सुकतंय" हे वाक्य ऐकलं की मी टायमरकडे न जाता आधी खुरपी मागतो. काटक झाड पाणी कमी पडून मरतं असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेक वेळा पाणी पुरेसं असतं, पण ते चुकीच्या जागी, चुकीच्या खोलीवर किंवा चुकीच्या दिवशी पडत असतं. म्हणून खालची तपासणी होईपर्यंत टायमरवरची मिनिटं वाढवू नका.

लक्षणं

झाड सूर्य उगवायच्या सुमारास बघा. भर दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा ताठ झाली, तर काही बिघडलेलं नाही. मुळं जेवढं पाणी ओढू शकतात त्याहून जास्त पानांतून उडून जात असतं, एवढाच त्याचा अर्थ. सकाळीही पानं लोंबलेली असतील तर मात्र काहीतरी चुकतंय.

- एकाच ओळीत सुरुवातीची झाडं ठणठणीत, शेवटची दोन-तीन वाळलेली: नळीत गाळ किंवा दाब कमी.
- ओळीत मधलंच एखादं झाड गेलेलं, शेजारची दोन्ही धडधाकट: त्याचा ड्रिपर (नळीवरचं थेंब टाकणारं तोंड), नाहीतर त्याची मुळं.
- पानं कोरडी, चुरचुरीत, नवे शेंडे आधी झुकलेले: खरोखर तहान.
- खालची जुनी पानं पिवळी, मऊ, थोडं हलवलं की गळणारी. माती आंबूस वासाची: पाणी जास्त.
- जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, मधला भाग हिरवा: क्षार.
- बोगनवेल हिरवीगच्च, लांबलचक फांद्या, फुलाचा पत्ता नाही: पाणी जास्त, अनेकदा खतही.
- घायपाताची किंवा कोरफडीची पानं आक्रसलेली, सुरकुतलेली: तहान. तीच पानं बुडाशी मऊ आणि पारदर्शक दिसत असतील तर कुज.
- ठिबक चालू असताना पाणी वाहून फरशीवर किंवा पायवाटेवर येतं.

तिसऱ्या आणि चौथ्या लक्षणात सगळ्यात जास्त गल्लत होते. माती सतत चिंब राहिली की तिच्यातली हवा निघून जाते आणि हवा नसली की मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं कोमेजतं आणि लांबून बघणाऱ्याला ते अगदी कोरड्या झाडासारखं दिसतं. अशा झाडाला आणखी पाणी दिलं की ते संपलंच. म्हणून पहिली तपासणी जमिनीखालची.

१. माती उकरा

ठिबक बंद होऊन एक दिवस झाला की आच्छादन बाजूला करा आणि ड्रिपरपासून चार बोटं लांब, वीतभर खोल खड्डा घ्या. मुळं तुटतील म्हणून घाबरू नका, एवढ्याशा खड्ड्यानं काटक झाडाला काही होत नाही. आता तळातली माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, म्हणजे पाणीही आहे आणि हवाही. बोटांवर चिखल चिकटला किंवा दाबताना पाणी सुटलं तर जास्त झालंय. पिठासारखी निसटून गेली तर कोरडी.

नेहमी दिसणारं चित्र असं: वरची दोन बोटं माती काळी, ओली, छान. तिच्याखाली सरळ रेषेत रंग बदलतो आणि पुढे सगळी फिकट, कडक, कोरडी माती. बारीक पांढरी मुळं सगळी त्या वरच्या दोन बोटांत गोळा झालेली. रोज थोडं थोडं पाणी दिलं की हेच होतं. ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे तासाला ४ लिटर देणारा, दहा मिनिटांत पाऊण लिटरही देत नाही. तेवढं पाणी वरच्या थरातच अडकतं आणि संध्याकाळपर्यंत उडून जातं. मुळं पाण्यामागे जातात, म्हणून तीही वरच राहतात, आणि ठिबक एक दिवस बंद पडलं की झाड लगेच मान टाकतं. काटक झाडाला आपणच नाजूक करून ठेवतो.

उपाय फुकटचा आहे. रोजची दहा मिनिटं म्हणजे आठवड्याची ७० मिनिटं. तेवढंच पाणी एका दिवशी सलग द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरून ओल किती खोल गेली ते बघा. झुडपाला एक-दीड वीत, झाडाला दोन-तीन वीत ओल पोचली पाहिजे. पोचली नसेल तर एका वेळेची मिनिटं वाढवा आणि दोन पाळ्यांमधले दिवसही वाढवा. चिकणमातीत ७० मिनिटं सलग चालवल्यावर पाणी वाहायला लागत असेल तर त्याचे दोन-तीन तुकडे करा आणि मध्ये तासभर मुरायला द्या.

अपवाद नव्या झाडांचा. "दुष्काळातही टिकतं" हे वर्णन मुळं पसरलेल्या झाडाचं असतं. लावल्यापासून पहिलं वर्ष, मोठ्या जातींना दोन वर्षं, नियमित पाणी लागतंच. ते त्यांच्या मुळांच्या गोळ्याजवळ द्या आणि महिन्यामहिन्यानं दोन पाळ्यांतलं अंतर वाढवत न्या. एकदम तोडू नका.

२. टायमर

मिनिटं सोडून बाकी सगळं बघा. बहुतेक कंट्रोलरमध्ये अ, ब, क असे दोन-तीन प्रोग्रॅम असतात आणि प्रत्येकाला तीन-चार सुरू होण्याच्या वेळा देता येतात. कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी दुसरी वेळ टाकलेली असते आणि ती तशीच राहून जाते. मग तुम्ही आठवड्यातून एकदा समजत असता आणि प्रत्यक्षात पहाटे एकदा, दुपारी एकदा असं चालू असतं. सगळे प्रोग्रॅम एकेक करून उघडा आणि नको त्या वेळा पुसा. दुसरी गंमत बॅटरीची. वीज जाऊन आली आणि आतली बॅटरी संपलेली असली तर काही टायमर कारखान्यातून आलेल्या मूळ प्रोग्रॅमवर जातात, आणि तो बहुधा रोजचा असतो. घड्याळ चुकीची वेळ दाखवत असेल तर हेच झालंय असं समजा.

ऋतू बदलल्यावर टायमर बदलला का, हे विचारायला नको खरं तर, पण विचारतो. उन्हाळ्याचा प्रोग्रॅम हिवाळ्यात चालू राहून कुजलेली झाडं मी उन्हाळ्यात सुकलेल्यांपेक्षा जास्त काढली आहेत.

३. फिल्टर आणि नळीचं शेवटचं टोक

फिल्टर उघडा, जाळी किंवा चकत्या बाहेर काढा, वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशनं घासा. उजेडासमोर धरून जाळी फाटली आहे का ते बघा. फाटलेली जाळी तुंबलेल्या जाळीपेक्षा वाईट, कारण तुंबलेली निदान गाळ अडवते. घरच्या ठिबकला १२० मेशची, म्हणजे साधारण १३० मायक्रॉनची जाळी बहुतेक ठिकाणी पुरते.

मग ओळीच्या शेवटी जा. एंड कॅप काढा किंवा दुमडलेली नळी सरळ करा आणि ठिबक चालू करा. आधी हवेचे फटकारे, मग तपकिरी किंवा काळसर पाणी, त्यात शेवाळाचे धागे, वाळूचे कण. पाणी काचेसारखं होईपर्यंत वाहू द्या. एका वेळी एकच ओळ उघडा, सगळ्या एकदम उघडल्या तर पाण्याला जोर राहत नाही आणि गाळ हलत नाही. गाळ नेहमी शेवटच्या टोकाला साचतो, कारण तिथे पाण्याचा वेग जवळजवळ शून्य होतो. "शेवटची तीन झाडं सुकली" या तक्रारीचं मूळ निम्म्या वेळा इथेच निघतं. महिन्यातून एकदा हे काम केलं तर पुढचं अर्धं लिखाण तुम्हाला लागायचं नाही.

वाहिलेलं पाणी बादलीत धरा आणि कुठल्या तरी झाडाला घाला, एवढं सांगायला नको.

४. वाटी आणि घड्याळ

ड्रिपरमधून थेंब पडताना दिसतो म्हणून तो बरोबर आहे असं नाही. निम्मा तुंबलेला ड्रिपरही थेंब टाकतोच. एकसारख्या वाट्या घ्या, एक औषधाचं मापाचं झाकण किंवा मोजपात्र घ्या. ओळीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा ड्रिपर निवडा, त्याखालची माती थोडी कोरून वाटी बसवा आणि बरोबर ६ मिनिटं पाणी धरा. ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे हिशोब तोंडी होतो: ४ लिटरच्या ड्रिपरखाली ४०० मिली, २ लिटरच्याखाली २०० मिली, ८ लिटरच्याखाली ८०० मिली मिळायला हवं.

तिन्ही वाट्या सारख्याच कमी भरल्या तर दोष दाबात किंवा फिल्टरमध्ये. सुरुवातीची भरली आणि शेवटची रिकामी राहिली तर ओळ फार लांब आहे, कुठेतरी पिळली गेली आहे, किंवा मध्ये गळते आहे. कमी-जास्त कशीही आली तर ड्रिपर तुंबलेत. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

तुंबलेला ड्रिपर उघडता येत असेल तर उघडा. आत नागमोडी वाट दिसेल. इस्राएलचे अभियंता सिम्खा ब्लास यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हीच युक्ती काढली: बारीक भोक न ठेवता वाट रुंद ठेवायची आणि लांब करून पाण्याचा जोर मोडायचा. बारीक भोक वाळूच्या एका कणानं बंद व्हायचं. तरी ही वाटही तुंबते आणि कशानं तुंबली ते रंगावरून कळतं. पांढरा, खरखरीत थर म्हणजे चुना. कठीण पाण्यात हा हमखास, कारण ठिबक थांबल्यावर तोंडाशी उरलेला थेंब उन्हात आटतो आणि त्यातला चुना मागे राहतो. हिरवट बुळबुळीत म्हणजे शेवाळ, याचा अर्थ नळीत किंवा टाकीत उजेड जातोय. तांबूस चिखल म्हणजे पाण्यात लोह आणि त्यावर जगणारे जिवाणू.

चुन्याचे ड्रिपर काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी फुंकून बघा. शेवाळाला टाकीचं झाकण आणि काळी नळी हा उपाय, औषध नव्हे. बाजारू आम्ल किंवा ब्लीचिंगचं पाणी ओळीत सोडायचा मोह होतो. आम्ल आणि क्लोरीनयुक्त ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, तेव्हा एक झाल्यावर दुसरं करायचंच असेल तर मधे ओळ भरपूर पाण्यानं धुऊन काढा. आणि आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. मी स्वतः घरगुती बागेत या भानगडीत पडत नाही. ड्रिपर बदलणं स्वस्त पडतं.

उंदीर-खारींनी कुरतडलेल्या नळ्याही इथेच सापडतात. कोरड्या दिवसांत ते पाण्यासाठीच नळी फोडतात. जवळ उथळ भांड्यात पाणी ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी कुरतडणं कमी होतं.

५. ड्रिपर कुठे आहे?

सगळ्यात जास्त झाडं इथे वाचतात, म्हणून थोडं सविस्तर.

लावताना ड्रिपर बुंध्याला टेकवून ठेवला जातो. तेव्हा ते बरोबरच असतं, कारण कुंडीतून काढलेल्या रोपाची सगळी मुळं त्या कुंडीएवढ्या गोळ्यात असतात. हा गोळा बहुधा कोकोपीटसारख्या हलक्या मिश्रणाचा असतो. तो एकदा पार सुकला की भोवतालची माती ओली असूनही आतून कोरडाच राहतो. म्हणून नवं रोप सुकत असेल तर बोट गोळ्यातच घालून बघा. कोरडा असेल तर त्याच्या डोक्यावर हातानं, हळूहळू, थांबून थांबून पाणी घाला आणि एक ड्रिपर गोळ्यावर आणा.

वर्षा-दोन वर्षांनी गणित उलटतं. पाणी पिणारी बारीक मुळं आता फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याही पलीकडे असतात. बहुतेक झाडांची अशी मुळं वरच्या दोन-तीन वीत मातीतच पसरलेली असतात, खोल नव्हे. ड्रिपर अजून बुंध्याशीच असेल तर दोन्ही बाजूंनी नुकसान: बुंधा कायम ओला राहून साल कुजते आणि खरी मुळं कोरडी. दरवर्षी एकदा ड्रिपर घेराच्या कडेला सरकवा आणि संख्याही वाढवा. मोठ्या झाडाला एका ड्रिपरमधून तासन्‌तास पाणी देण्यापेक्षा घेराभोवती नळीचं कडं करून सहा-आठ ड्रिपर द्यावेत.

किती अंतरावर, हे माती ठरवते. वाळूत पाणी सरळ खाली जातं, ओल वीत-दीड वीतच पसरते. चिकणमातीत ते आडवं पसरतं आणि हातभर ओल सहज दिसते. म्हणून वाळूत ड्रिपर जवळजवळ आणि पाळ्या लवकर, चिकणमातीत ड्रिपर लांब लांब आणि पाळ्या उशिरा.

उतारावर आणखी एक भानगड. ठिबक बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी उताराच्या तळच्या ड्रिपरमधून निघून जातं आणि वरचे ड्रिपर हवा आत ओढतात. हवेबरोबर मातीही. वरची झाडं कोरडी, तळची चिखलात, आणि वरचे ड्रिपर पुन्हा पुन्हा तुंबतात. नळ्या उताराला आडव्या टाका आणि सगळ्यात उंच जागी हवेचा व्हॉल्व्ह बसवा.

६. आच्छादन

लाकडाच्या तुकड्यांचा, पालापाचोळ्याचा थर ५ ते ८ सेंटीमीटर पुरे. ड्रिपर त्याच्या खाली, मातीवर हवा. वर राहिला तर आधी आच्छादनच पाणी पितं. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा.

खडीखाली प्लास्टिकचा कागद घातला असेल तर तो काढा. तण येत नाही हे खरं, पण पाऊसही आत जात नाही आणि मातीला हवा मिळत नाही. विणलेलं कापड त्यातल्या त्यात बरं, तरी काही वर्षांनी त्याची भोकं बारीक मातीनं बुजतात आणि तण वर साचलेल्या धुळीत उगवतंच. शिवाय दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून खडी असेल तर भिंत आणि खडी दोन्ही तापून झाडाला रात्रीपर्यंत भाजतात. तिथे पाणी वाढवून काही होत नाही. खडी काढून लाकडाचं आच्छादन घाला, किंवा त्या जागी घायपातासारखं काही लावा.

७. माती पाणी घेते का?

वरचं सगळं ठीक आहे, पाणी पुरेसं पडतंय, तरी मुळांशी कोरडं आणि पाणी बाजूनं पळतं? कोरड्या मातीवर, आच्छादन हटवून, पाण्याचा एक थेंब टाका आणि मोजा. ५ सेकंदांत मुरला नाही, गोल मण्यासारखा बसून राहिला, तर माती पाणी ढकलते आहे. कुजणाऱ्या पानांतून, सालीतून निघणारा मेणचट पदार्थ वाळूच्या कणांवर बसतो म्हणून असं होतं. वालुकामय माती एकदा पार वाळली की हा दोष जास्त दिसतो. अशी माती एकदा नीट भिजवून घ्यावी लागते: बारीक झारीनं थोडं पाणी, अर्धा तास थांबायचं, पुन्हा थोडं, असं दिवसभर. नंतर तिला पुन्हा पार कोरडी पडू द्यायची नाही. थोडी चिकणमाती मिसळली तर फरक टिकतो.

८. क्षार

पानांच्या कडा करपलेल्या आणि जमिनीवर ओल्या वर्तुळाच्या कडेनं पांढरी रेघ, हे दोन्ही एकत्र दिसलं की दुसरं कारण शोधत बसू नका. ठिबकचं पाणी मध्यातून बाहेर सरकतं, क्षार सोबत नेतं आणि ओल संपते तिथे सोडतं. मुळं आतल्या गोड भागात असतात तोवर निभावतं. मग हलका पाऊस येतो, कडेचे क्षार विरघळून पुन्हा मुळांत येतात, आणि पाऊस पडल्यावर झाड करपलं म्हणून लोक चक्रावतात. म्हणून क्षारपड बागेत पावसाची पहिली भुरभुर सुरू झाली की ठिबक बंद न करता चालू ठेवायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामुळे क्षार आत यायच्या ऐवजी बाहेर आणि खाली जातात.

पाण्याची चाचणी एकदा करून घ्या. विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ०.७ डेसीसीमेन्स प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर काळजी नाही. ०.७ ते ३ च्या मध्ये असेल तर जपून, वर्षातून काही वेळा भरपूर पाणी एकदम देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन काढावे लागतात. ३ च्या वर गेली तर झाडांची निवडच बदलावी लागेल. मीठ वापरणाऱ्या सॉफ्टनरचं (कठीण पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) पाणी बागेला देत असाल तर आजच थांबवा. त्यातलं सोडियम चिकणमातीची रचना मोडतं आणि मग तिच्यात ना पाणी मुरतं ना हवा. बागेची नळी सॉफ्टनरच्या आधी जोडा.

धुऊन काढण्याचा उपाय मात्र खाली पाणी झिरपत असेल तरच. त्यासाठी दहावी तपासणी वाचा.

९. दाब आणि गळती

साधे ड्रिपर साधारण १ किलो दाबावर, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्यावर, लिहिलेलं पाणी देतात. टाकी साडेतीन मीटर उंच असेल तर दाब एक तृतीयांश पण पाणी निम्म्याहून थोडं जास्त पडतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ४ लिटरचा ड्रिपर तिथे अडीच लिटरच्या आत-बाहेर देईल. हा बिघाड नाही, वेळ त्या हिशोबानं लावा. दाबाची भरपाई करणारे ड्रिपर मात्र कमी उंचीच्या टाकीवर लावू नका. त्यांना त्यांच्या वेष्टनावर लिहिलेला किमान दाब मिळाला नाही तर त्यांचा उपयोग नाही.

घरातली सगळी तोंडं बंद करून पाण्याच्या मीटरचं बारीक चाक बघा. फिरतंय? बागेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. थांबलं तर गळती बागेत आहे. ठिबक थांबल्यानंतरही ड्रिपर टपकत राहत असतील तर विजेवरच्या व्हॉल्व्हच्या पडद्याखाली वाळूचा कण अडकलेला असतो. पाणी बंद करून वरचे स्क्रू काढा, पडदा धुवा, त्याची दिशा लक्षात ठेवून परत बसवा. व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर मल्टिमीटरनं कॉइलचा रोध मोजा. २४ व्होल्टच्या कॉइलचा तो साधारण २० ते ६० ओहममध्ये असतो. रोध अनंत दाखवला तर कॉइल गेली.

१०. खालचा कठीण थर

वीत-दोन वीत खाली पहार "टण्‌" वाजली की समजा, चुन्यानं जमलेला थर आहे, किंवा बांधकामाच्या वेळी यंत्रांनी दाबलेली माती. ३० सेंटीमीटर रुंद, तितकाच खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता पट्टी लावून मोजा. तासाला २.५ सेंटीमीटर किंवा जास्त उतरलं तर चांगलं. १ सेंटीमीटरही उतरलं नाही तर तुमचं झाड बंद बादलीत उभं आहे. थर पातळ असेल तर झाडाच्या घेराच्या कडेला तीन-चार ठिकाणी पहारीनं आरपार भोकं पाडा आणि खडी-कंपोस्टनं भरा. जाड असेल तर नवी झाडं वीत-दीड वीत उंच मातीच्या उंचवट्यावर लावा. थर फोडायच्या नादी लागू नका.

११. ओळी वेगळ्या करणं

एवढं होऊनही एक झाड सुकतं आणि शेजारचं कुजतं, तर दोघांची तहान वेगळी आहे आणि ओळ एकच. कमी पाण्याच्या बागेची जी सात तत्त्वं डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेनं १९८१ मध्ये रुजवलेल्या झेरिस्केप चळवळीतून आली, त्यात सारख्या तहानेची झाडं एकत्र ठेवणं येतंच. घायपात आणि गुलाब एका व्हॉल्व्हवर कधीही नांदणार नाहीत. मिनिटं वाढवा की कमी करा, कुणीतरी एक मरणारच. नवी नळी टाकून वेगळा व्हॉल्व्ह द्या. खोदकाम आहे, महाग आहे, म्हणून शेवटी. अर्थात गुलाब काढून टाकला तर हेच काम फुकटात होतं.

कुठे थांबायचं

बागेचे सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मीटर फिरत असेल आणि गळती काँक्रीटखाली किंवा घराच्या पायाजवळ असेल, तर खोदू नका, प्लंबर बोलवा. पंप, त्याचा स्टार्टर, कंट्रोलरला येणारी मुख्य वीज यांना हात लावायचा नाही, २४ व्होल्टच्या बाजूपर्यंतच तुमची हद्द. बागेची ओळ पिण्याच्या पाण्याच्या नळाला जोडलेली असेल आणि तिच्यातून खत सोडत असाल, तर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह जाणकाराकडूनच बसवून घ्या. खताचं पाणी घरच्या नळात ओढलं जाण्याचा धोका असतो.

मोठं झाड एका बाजूला कलायला लागलं, बुडाशी अळंबी किंवा फळीसारखी बुरशी दिसली, साल सुटून खाली पोकळ वाजली, तर वृक्षतज्ज्ञ. तेही लवकर, आणि तोवर झाडाखाली कुणाला बसू देऊ नका. खड्ड्यातलं पाणी बागेत दोन-तीन ठिकाणी २४ तासांनीही उभं राहिलं, किंवा पाण्याची वाहकता ३ च्या वर निघाली, तर माती-पाण्याची प्रयोगशाळेत चाचणी करून कृषी सल्लागाराला दाखवा. तिथून पुढे अंदाजानं केलेला प्रत्येक उपाय एकेक झाड घेऊन जातो.

कुणालाही बोलावण्याआधी तीन गोष्टी कागदावर तयार ठेवा: वाटीच्या चाचणीचे आकडे, ओल किती खोल गेली ते, आणि टायमरवरचे सगळे प्रोग्रॅम जसेच्या तसे. हे हातात असलं की येणाऱ्याचा पहिला तास वाचतो. आणि तो आल्या आल्या काही न उकरता "पाणी वाढवा" म्हणाला, तर दुसरा शोधा.